नाव नसलेला नेचा: पान उलटं करून ओळख कशी पटवायची

माझं साताऱ्यात औषधांचं दुकान आहे. बावीस वर्षं काउंटरमागे बसल्यावर एक सवय अंगात मुरते. लेबल नसलेली बाटली हाती आली की ती बाजूला ठेवायची आणि आत काय आहे ते कळल्याशिवाय पुढे सरकवायची नाही. घरातल्या कुंड्यांनाही मी हाच नियम लावते. गेल्या फेब्रुवारीत पुण्याहून परत येताना महामार्गालगतच्या एका नर्सरीतून २८० रुपयांना नेचा, म्हणजे फर्न, घेतला. त्याच्यावर नावच नव्हतं, आणि ते कळेपर्यंत मला चैन पडली नाही.

"ताई, फिशटेल आहे. इंपोर्टेड," एवढंच नर्सरीतल्या मुलाने सांगितलं. झाड देखणं होतं. हातभर लांब, कमानीसारखी झुकलेली पानं, मधल्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पर्णिकांच्या, म्हणजे छोट्या उपपानांच्या, ओळी आणि जवळजवळ प्रत्येक पर्णिकेचं टोक दुभंगलेलं. काही टोकं तर दुभंगून पुन्हा दुभंगलेली. बांगड्याची शेपटी असते ना, अगदी तशी.

घरी येऊन शोधायला बसले तर 'फिशटेल' नावाखाली तीन वेगळीच झाडं निघाली. एक भेरली माड, कोकणात ज्याची ताडी काढतात तो. त्याला इंग्रजी वळणाने फिशटेल पाम म्हणतात आणि नेच्यांशी त्याचं काही नातं नाही. दुसरा मायक्रोसोरम पंक्टाटम नावाचा नेचा, ज्याच्या 'ग्रँडिसेप्स' या प्रकारात चामड्यासारख्या जाड, अखंड पानाचं टोक फुटून कोंबड्याच्या तुऱ्यासारखं होतं. तिसरं माझ्या कुंडीतलं. मोबाइलमधल्या ॲपला मी तीन फोटो दाखवले, त्याने तीन नावं सांगितली. तिन्ही फोटो एकाच झाडाचे होते, फक्त वेगवेगळ्या बाजूंनी काढलेले.

पुढच्या सात महिन्यांत मी जे शिकले ते इथे लिहिते आहे. ते एका वाक्यात सांगायचं तर नेच्याच्या पानाचा आकार बघून नाव ठरवू नका, पान उलटं करा.

आधी तो नेचा आहे ना, हे बघा

ही पायरी फार लोक गाळतात. लग्नातल्या पुष्पगुच्छांत जी हिरवी जाळीदार फांदी असते तिला सगळे 'फर्न' म्हणतात, पण ती ॲस्पॅरॅगस सेटेशियस, म्हणजे आपल्या शतावरीची चुलत बहीण. तिला बारीक काटे असतात, पांढरी फुलं येतात, नंतर गोल फळं धरतात. नेच्याला फूल नाही, फळ नाही, बी नाही. आणि हा फरक नुसता पुस्तकी नाही. शोभेच्या ॲस्पॅरॅगसची फळं कुत्र्या-मांजरांना बाधतात. घरात प्राणी असेल तर नावाची खात्री आधी हवी.

खरा नेचा ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याचं कोवळं पान. पावसाळ्यात पैसा किडा हात लावला की गोल वळून बसतो, तसंच नेच्याचं नवं पान गुंडाळलेलं वर येतं आणि टोकाकडे उलगडत जातं. कुंडीच्या मध्यात डोकावून असं एखादं वेटोळं सापडलं की निम्मी खात्री झाली. उरलेली निम्मी पानाच्या मागे असते.

सेलाजिनेला नावाचं मखमली, शेवाळासारखं झाडही नर्सरीत नेच्यांच्या रांगेत ठेवलेलं असतं. त्यालाही बी नसतं, पण तो नेचा नव्हे. त्याची पानं सुईच्या टोकाएवढी असतात आणि वेटोळं कधी होत नाही.

दोन महिने थांबा, पण फोटो पहिल्याच दिवशी काढा

नर्सरीतलं झाड हिरव्या जाळीखाली, भरपूर दमट हवेत आणि खताच्या जोरावर वाढलेलं असतं. घरी आल्यावर त्याची काही पानं पिवळी पडणार. म्हणून आणल्या दिवशीच फोटो काढून ठेवा. पूर्ण झाडाचा एक, एका पूर्ण पानाचा पांढऱ्या कागदावर पट्टी शेजारी ठेवून एक, त्याच पानाच्या पाठीचा एक आणि मातीतून देठ जिथे निघतात त्या बुंध्याचा एक. हा शेवटचा फोटो कुणीच काढत नाही आणि ओळख पटवायला तोच सर्वांत जास्त कामी येतो.

मग वाट बघा. नेच्याची पोरवयातली पानं आणि थोराड पानं पुष्कळदा एकमेकांशी जुळत नाहीत. लहान रोपाचं पान अखंड असतं आणि तेच झाड मोठं झालं की पान फाकायला लागतं, असंही होतं. नव्या जागी रुळल्यावर आलेली दोन-तीन पानं बघितल्याशिवाय काही ठरवू नये.

आणखी एक. नर्सरीवाले कुंडी भरगच्च दिसावी म्हणून एकेका कुंडीत तीन-चार रोपं लावतात. शिवाय नेच्यांचे बीजाणू, म्हणजे बीऐवजी असणारी धुळीसारखी पूड, हवेतून येतात, त्यामुळे तुमच्या कुंडीत भलताच नेचा आपोआप उगवलेला असू शकतो. माझ्या कुंडीत कडेला एक वेगळं, अरुंद पर्णिकांचं पान होतं. चार दिवस मी त्यालाच माझ्या झाडाचं 'साधं पान' समजत होते. माती थोडी बाजूला केली तर त्याचं मूळ स्वतंत्र निघालं. ते आमच्या गच्चीच्या पन्हाळीखाली दर पावसाळ्यात उगवणारं टेरिस विटाटा होतं. तेव्हा ज्या पानाची तपासणी कराल त्याचा देठ बोटाने खालपर्यंत चाचपून तो तुमच्याच झाडाचा आहे, हे नक्की करा.

पान उलटं करा

जूनमध्ये नवी पानं आली, गणपतीच्या सुमारास ती थोराड झाली. एका संध्याकाळी दुकानातून घरी आले तर सासूबाई झाडाजवळ ओलं फडकं घेऊन बसलेल्या.

"अगं, तुझ्या झाडाला कीड लागली होती. मागून सगळं पान बरबटलं होतं. मी कडुनिंबाच्या पाण्याने पुसून काढलं बघ."

मी पान उलटं केलं. एका पानाची पाठ स्वच्छ झाली होती. शेजारच्या पानावर मात्र अजून दोन्ही कडांजवळून तपकिरी ठिपक्यांच्या ओळी गेलेल्या होत्या, शिवणयंत्राने टाके घातल्यासारख्या समान अंतरावर. "आई, ही कीड नाही, हे त्याचं बियाणं," मी म्हटलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि मग स्वतःच म्हणाल्या, "खरंच की, कीड अशी रांगेत बसत नाही."

कीड आणि बीजाणूंचे पुंजके यांतला फरक त्यांनी त्या एका वाक्यात सांगितला. पुंजके ठरलेल्या नक्षीत असतात, पानाच्या पाठीवरच असतात आणि जवळपास प्रत्येक थोराड पर्णिकेवर सारखे असतात. खवले कीड कशीही विखुरलेली असते, देठावर आणि मधल्या शिरेवरही चढते, नखाने उचकटली की अख्खी सुटते आणि तिच्यामुळे पान चिकट होतं. पिठ्या ढेकूण असेल तर कापसासारखा पांढरा थर दिसतो. औषध फवारण्याआधी एवढं बघाच. किती जणांनी निरोगी नेच्याची पानं कीड समजून कापून टाकली असतील, या विचाराने मला वाईट वाटतं.

आता खरं काम. दुकानात पट्टीवरची बारीक एक्सपायरी वाचायला मी एक भिंग ठेवते, ते घेऊन बसले. ते कमी पडलं म्हणून ओळखीच्या सोनाराकडून त्याचं दहापटीचं भिंग दोन दिवसांसाठी आणलं. हे भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि पान जवळ आणत न्यायचं. भिंग पानाजवळ धरून आपण लांबून बघितलं तर काही दिसत नाही. उजेड बाजूने पडू द्यायचा, म्हणजे उंचसखल भाग कळतो.

तीन गोष्टी बघायच्या. पुंजके पानावर नेमके कुठे आहेत, त्यांचा आकार काय आहे आणि त्यांच्यावर झाकण आहे का. झाकण म्हणजे एक पातळ पापुद्रा, कोवळ्या पुंजक्यावर फिकट हिरवा-पांढरा दिसतो. पुंजका पिकला की तो सुरकुततो, गळूनही जातो. म्हणून अगदी तपकिरी झालेलं पान न घेता नुकते ठिपके धरू लागलेलं पान बघा.

मी सगळ्यांत कोवळा ठिपका भिंगाखाली आणला आणि थबकले. झाकणाला एका बाजूला खाच होती. राजम्याच्या दाण्यासारखं, मूत्रपिंडासारखं. पुंजका पर्णिकेच्या शिरेच्या टोकाशी बसलेला आणि त्याच्यावर हे चिमुकलं मूत्रपिंड. नेफ्रॉलॉजिस्टच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर रोज येतात. 'नेफ्रॉस' म्हणजे ग्रीक भाषेत मूत्रपिंड, 'लेपिस' म्हणजे खवला. नेफ्रोलेपिस! या कुळाला नाव देणाऱ्याने जे बघून नाव दिलं, तेच मी माझ्या गॅलरीत बघत होते. त्या क्षणी अंगावर काटा आला, तो मला अजून आठवतो.

बाकीच्या घरगुती नेच्यांच्या पाठी कशा दिसतात ते सांगते. आपल्याकडे नर्सरीत जे सापडतात त्यांतले बहुतेक यात बसतात.

ठिपके गोल, उघडे, झाकण कुठेच नाही, असं असेल तर मायक्रोसोरम किंवा फ्लेबोडियम यांच्या बाजूला जा. मगरीच्या पाठीसारखी खवल्यांची नक्षी असलेला जो 'क्रोकोडाइल फर्न' हल्ली विकतात तो मायक्रोसोरमच. निळसर छटेची, बोटांसारखी फाकलेली पानं असतील तर फ्लेबोडियम. आपला बाशिंग नेचाही याच घराण्यातला. सह्याद्रीत आंब्या-फणसाच्या खोडावर, खाली वाळक्या तपकिरी पानांची परडी आणि वर हिरवी पानं, असा श्रावणात दिसतो तो. त्याचे ठिपके आडव्या शिरांच्या मधल्या पट्टीत दुहेरी ओळीने बसतात.

मधल्या शिरेपासून कडेकडे तिरक्या समांतर रेघा गेल्या असतील तर ॲस्प्लेनियम. लांब, अखंड, केळीच्या कोवळ्या पानासारखी पानं आणि मध्ये घरट्यासारखा खोलगा असलेला 'बर्ड्स नेस्ट' हा त्यातला. लाटांसारखी कडा असलेले त्याचे जे नवे प्रकार आलेत, त्यांची पुढची बाजू एकमेकांशी जराही जुळत नाही, पाठ उलटी केली की रेघा त्याच.

ठिपके नाहीत, पण पानाची कडच मागे दुमडून तिच्याखाली तपकिरी पट्टी दडलेली असेल तर टेरिस, पेलिया किंवा ॲडिअँटम. ॲडिअँटम म्हणजे आपला हंसराज. त्याची खूण देठातच असते, काळाभोर, घोड्याच्या केसासारखा चकचकीत. त्याच्या पानावर पाणी टाकलं तर थेंब घरंगळून जातो, पान भिजत नाही. पेलियाची पर्णिका गोल, जाड, शर्टाच्या बटणाएवढी. टेरिसमध्ये तपकिरी पट्टी पर्णिकेच्या कडेने सलग धावते.

कडेवर चिमुकले पेले ठेवल्यासारखे पुंजके आणि कुंडीच्या काठावरून उतरणारी केसाळ मुळखोडं (मुळासारखी आडवी वाढणारी खोडं) असतील तर डॅव्हालिया, ज्याला सशाचा पाय म्हणून विकतात. झाकण अगदी गोल आणि छत्रीसारखं मधोमध टेकवलेलं असेल, पान जाड आणि चकचकीत असेल, तर सिर्टोमियम. सांबरशिंगासारखा प्लॅटिसेरियम ओळखायला भिंग लागतच नाही. त्याच्या शिंगांच्या टोकांना मागून तपकिरी मखमल चढते.

आणि ज्याचं पान नागवेलीच्या पानासारखं हृदयाकृती, देठ काळा, पाठीवर तपकिरी जाळी, तो हेमिओनायटिस अरिफोलिया. 'हार्ट फर्न' म्हणून काचेच्या बरणीत लावून महाग विकतात. तो परदेशी नाही, आपल्या पश्चिम घाटातही रानात उगवतो.

हे सगळं वाचून डोकं भणभणलं तर घाबरू नका. भिंग घेऊन पावसाळ्यात बाहेर पडा. साताऱ्या-पुण्यात जुन्या भिंतीवर, पन्हाळीखाली, गटाराच्या कडेला टेरिस विटाटा हमखास असतो. २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवून दिलं, की हा नेचा मातीतलं आर्सेनिक शोषून स्वतःच्या पानांत साठवतो. हे कळेपर्यंत आमच्या पन्हाळीखालचं हे झाड मी कित्येक वर्षं उपटून फेकत होते. जुन्या विहिरीच्या आतल्या दगडांवर हंसराज असतो, किल्ल्याच्या तटाच्या फटीत बोटभर उंचीची मोरशिखा असते, पंख्यासारख्या पानांच्या चिमुकल्या ताडाच्या झाडासारखी. तीन-चार पाठी अशा प्रत्यक्ष बघितल्या की नर्सरीतल्या झाडाची पाठ वाचता यायला वेळ लागत नाही. नुसतं बघा आणि फोटो काढा. दगडाच्या फटीतून उपटलेला नेचा कुंडीत सहसा जगत नाही, आणि फट मात्र रिकामी होते.

पाठीवर काहीच नसेल तर

पुष्कळ नर्सरी-प्रकार वांझ असतात किंवा रोप अजून लहान असतं. तेव्हा पानाची पाठ कोरी मिळते. मग खाली वाका.

नेफ्रोलेपिसच्या बुंध्यातून सुतळीसारखे बारीक, लांब धागे निघतात. ते मातीवर किंवा कुंडीबाहेर लोंबतात आणि जिथे टेकतात तिथे नवं रोप उगवतं. लोक त्यांना वाळकी मुळं समजून कापून टाकतात. माझ्या झाडाला असे सात धागे होते आणि मी फेब्रुवारीतच त्यांतले चार कापले होते. ते नीट बघितले असते तर निम्मं उत्तर तेव्हाच मिळालं असतं. याच कुळातल्या नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलियाच्या धाग्यांना वाटाण्याएवढे, कधी सुपारीएवढे मऊ कंद धरतात, त्यात पाणी साठवलेलं असतं. आपण ज्याला बॉस्टन फर्न म्हणतो त्या नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाला असे कंद येत नाहीत. कुंडी बदलताना मुळं चाचपून बघा. बोटाला कंद लागला की कॉर्डिफोलिया. 'लेमन बटन' म्हणून जो छोट्या गोल पर्णिकांचा नेचा मिळतो तो याच जातीचा आहे.

दुसरी खूण पर्णिकेच्या सांध्यात असते. नेफ्रोलेपिसची पर्णिका मधल्या दांड्याला सांध्याने जोडलेली असते, म्हणून म्हातारं पान वाळलं की पर्णिका एकेक करून गळतात आणि नुसती काडी उरते. ज्यांच्या घरी बॉस्टन फर्न टांगलेला आहे त्यांना खालची फरशी रोज का झाडावी लागते, ते यावरून कळेल. सांधा नसलेल्या नेच्यांचं पान वाळतं ते अख्खंच.

तिसरी खूण मला फार आवडते. नेफ्रोलेपिसच्या पानाच्या वरच्या बाजूला, कडेच्या आत, पांढऱ्या बारीक ठिपक्यांची एक ओळ असते, कुणी खडूच्या टोकाने टिंबं दिल्यासारखी. ती बुरशी नव्हे. शिरांच्या टोकांतून पाणी पाझरतं, ते सुकल्यावर त्यातला चुना मागे राहतो. ओल्या बोटाने पुसलं तर काही टिंबं निघतात आणि खाली टाचणीने दाबल्यासारखे खळगे दिसतात. पाठ कोरी असतानाही हे खळगे सापडतात. पिठ्या ढेकूण समजून त्यावर कीटकनाशक मारू नका.

मुळखोडाचेही प्रकार बघून ठेवा. जाड, केशरी-तपकिरी केसांनी मढलेलं आणि मातीवरून आडवं सरपटणारं असेल तर फ्लेबोडियम, बारीक आणि करड्या-पांढऱ्या खवल्यांचं असेल तर डॅव्हालिया. हे दोन्ही मुळात झाडांवर, दगडांवर चढणारे. त्यांचं मुळखोड मातीत गाडलं तर कुजतं. नाव कळण्याचा पहिला व्यावहारिक फायदा हाच. हंसराजाला माती कधी कोरडी पडलेली चालत नाही, पेलिया थोडी कोरड सोसतो, प्लॅटिसेरियमला तर मातीच नको, लाकडी फळी हवी. 'फर्न म्हणजे सावली आणि रोज पाणी' एवढ्या एका सूचनेवर विकलेली कितीतरी झाडं जीव सोडतात.

बीजाणूंचा ठसा

पुंजके असतील पण झाकणं गळून गेली असतील, तर ठसा घ्या. पिकत आलेल्या, म्हणजे गडद तपकिरी पण अजून न फुटलेल्या पुंजक्यांचं पान कापा. पांढऱ्या गुळगुळीत कागदावर पाठ खाली करून ठेवा, वर दुसरा कागद, त्यावर एक हलकी वही. पंखा बंद. दीड-दोन दिवसांनी अलगद उचला. कागदावर पानाची नक्षी धुळीच्या रूपाने उतरलेली असते. रांगोळीच्या छापासारखी दिसते ती, सासूबाईंनी तर ती पुसू नये म्हणून कागद देवघराजवळ नेऊन ठेवला.

कागद तिरका करून टिचकी मारा. भुसा लगेच घरंगळतो, तो फुटलेल्या पिशव्यांचा. जी पूड कागदाला धरून राहते ते बीजाणू. रंग नोंदवा. माझ्या झाडाचे तपकिरी निघाले, नेफ्रोलेपिसला साजेसे. फ्लेबोडियमचे पिवळे असतात. रंगावरून नाव ठरत नाही, पण दोन नावांत अडकला असाल तर त्यांतलं एक बाद करता येतं.

आकाराला शेवटी विचारा

कुळ नक्की झालं की मग पुढची बाजू बघायची, आधी नाही. याला कारण आहे. १८९४ साली फिलाडेल्फियाहून बॉस्टनकडे पाठवलेल्या नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटाच्या रोपांत एक वेगळं निघालं. मूळ जातीची पानं ताठ, याची झुकलेली. तोच आजचा बॉस्टन फर्न. आणि त्या एका झाडातून पुढे कुरळ्या, झालरीच्या, बुटक्या, पिवळ्या पट्ट्यांच्या, जाळीदार अशा प्रकारांची रांग लागली. सगळी एकच जात, चेहरे मात्र एकमेकांना ओळख न देणारे. दुभंगलेली टोकंही तशीच. ती ॲस्प्लेनियममध्ये येतात, मायक्रोसोरममध्ये येतात, टेरिसमध्ये येतात, नेफ्रोलेपिसमध्येही येतात. माशाची शेपटी हे कुणा एकाचं आडनाव नाही.

अशा प्रकारांत कधीकधी एखादं पान मूळ वळणावर जातं, साध्या टोकांचं येतं. ते कापू नका. जात कोणती ते त्यावरून कळायला मोठी मदत होते. माझ्या झाडावर ऑक्टोबरमध्ये एका पानाच्या बुडच्या आठ-दहा पर्णिका साध्या आल्या. लांबट, किंचित कोयत्यासारख्या वाकलेल्या. पान मीटरभर लांब, झाड मोठ्या चणीचं, कंद नाहीत, टोकं दुभंगलेली. हे सगळं जुळतं ते आग्नेय आशियातल्या नेफ्रोलेपिस फाल्काटाच्या 'फुरकान्स' प्रकाराशी. 'फाल्काटा' म्हणजे कोयत्यासारखा, 'फुरकान्स' म्हणजे दुभंगणारा. हेच झाड बाजारात नेफ्रोलेपिस बिसेराटा 'फुरकान्स' या नावानेही विकतात, म्हणून मी दोन्ही नावं नोंदवली.

प्रकाराच्या नावापाशी सावध राहा. कुळ आपण घरी ठरवू शकतो, जात बऱ्याचदा ठरवू शकतो. पण प्रकाराचं नाव हे ज्याने झाड वाढवून विकलं त्याने दिलेलं असतं. मूळ लेबल हरवलं असेल तर दोन सारखे दिसणारे प्रकार पानावरून वेगळे काढणं कठीण. अशा वेळी 'बहुधा' लिहावं. औषधाच्या बाबतीत मी 'बहुधा' चालवून घेत नाही, झाडाच्या बाबतीत ते प्रामाणिकपणाचं असतं.

जातीपाशी अडलात तर सुकवलेलं पान जपून ठेवा. पुंजके असलेलं पूर्ण पान, शक्य असेल तर बुंध्याच्या तुकड्यासकट, जुन्या वर्तमानपत्रात दाबायचं, कागद रोज बदलायचा, आठवड्याभरात वाळतं. अर्धं पान उलटं दुमडून दाबा, म्हणजे एकाच नमुन्यात पोट आणि पाठ दोन्ही दिसतात. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे सुकवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आहे. जवळच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा विभाग असेल तर आधी तिथे विचारा. नेच्यांवर जीव असलेले प्राध्यापक नमुना नीट असेल तर आनंदाने बघतात. फोटो पाठवणार असाल तर पाठीचा आणि बुंध्याचा आधी पाठवा, पूर्ण झाडाचा शेवटी.

नाव लागलं की लेबल लगेच लावा. मी आइस्क्रीमच्या काड्या वापरायचे, त्या कुजतात. आता दह्याच्या पांढऱ्या प्लॅस्टिक डब्याच्या पट्ट्या कापते आणि पेन्सिलीने लिहिते. पेनाची शाई उन्हा-पाण्यात दोन महिन्यांत उडते, शिसं टिकतं. माझ्या पट्टीवर पुढच्या बाजूला लिहिलंय: 'नेफ्रोलेपिस, बहुधा फाल्काटा "फुरकान्स", बिसेराटा नावानेही विकतात.' मागच्या बाजूला: 'फेब्रुवारीत आणला. झाकण मूत्रपिंडाकृती. कंद नाहीत. धागे कापू नयेत.'

न कापलेल्या तीन धाग्यांपैकी एकाला दिवाळीआधी रोप धरलं. ते नणंदेकडे कराडला गेलं, पट्टीसकट.